रेव्हरंड टिळकांची भजने : उशिरा झालेले एक वाचन

१

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए.ला एकाच वर्गात होतो. पुढे नोकरीही योगायोगाने एकाच गावी लागली, आणि गेली अठरा वर्षे आधुनिक मराठी कवितेची अभ्यासपत्रिका आम्ही आलटून-पालटून शिकवत आलो आहोत. केशवसुतांनंतर आणि बालकवींच्या आधी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पाळी येते. त्यांना दोन तासिका मिळतात. सत्र लांबले तर तीन. ‘फुलांमुलांचे कवी’ हे बिरुद, ‘केवढे हे क्रौर्य’ मधील पक्षिणी, बालकवींना नगरच्या घरी मिळालेला जिव्हाळा, १८९५ सालचे धर्मांतर, ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण राहिल्याची नोंद आणि अखेरीस ‘अभंगांजली’चा एका वाक्यात उल्लेख, असा आमच्या टिपणांचा क्रम ठरून गेलेला होता. खरे तर टिपणेही आमची नव्हती. आमच्या सरांनी आम्हांला दिली होती, ती आम्ही पुढे दिली. अध्यापनाची परंपरा पुष्कळदा अशीच चालते.

२०१८ साली तृतीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारले, “मॅडम, टिळकांची भजने आम्ही दर रविवारी म्हणतो. ती अभ्यासाला का नाहीत?” आमचे महाविद्यालय अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, आणि दर वर्षी आमच्या वर्गात चार-पाच ख्रिस्ती मुलेमुली असतातच. तरीही हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. किंवा आमच्यापर्यंत पोहोचू दिला नव्हता. तिला जे उत्तर दिले गेले ते आज आठवले की ओशाळल्यासारखे होते. ती भजने उपासनेसाठी लिहिलेली आहेत, सांप्रदायिक आहेत, त्यामुळे त्यांचा विचार वाङ्मयीन दृष्टीने वेगळा करावा लागतो, असे काहीसे ते उत्तर होते. त्याच दिवशी दुपारच्या तासाला आमच्यापैकी दुसरा त्याच वर्गाला तुकोबांचे अभंग शिकवत होता, आणि ते मराठी कवितेचे शिखर आहे असे नेहमीच्या उत्साहाने सांगत होता. अभंग कशासाठी रचले जातात, हे त्या मुलीला आमच्याइतकेच ठाऊक होते. ती काही बोलली नाही. आमच्याकडची मुले गुरुजनांना उलटून बोलत नाहीत, हे आपल्या पथ्यावर पडते, याची जाणीव शिक्षकाला फार उशिरा होते.

२

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या मुलीचे वडील करोनाने गेले. त्याच पंधरवड्यात आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ गेला. वय वर्षे एकोणचाळीस. प्राणवायूची सोय असलेल्या खाटेसाठी दोन दिवस फोन करण्यात गेले, तिसऱ्या दिवशी खाट मिळाली, आणि पाचव्या दिवशी सगळे संपले. अंत्यविधीला चार माणसे होती. दहाव्याला कुणी आले नाही, येणे शक्यही नव्हते. त्या दिवसांत महाराष्ट्रातील किती घरांत असेच घडले हे सर्वांनाच माहीत आहे. त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. एवढेच सांगायचे की पुढे वर्षभर आमच्या विभागात ऑनलाइन तास झाले, परीक्षा झाल्या, निकाल लागले, आणि त्या भावाविषयी आम्ही दोघे एकमेकांशी एक वाक्यही बोललो नाही.

एप्रिल २०२२ मध्ये त्या विद्यार्थिनीचा फोन आला. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी घरी प्रार्थना ठेवली होती. “सर, मॅडम, तुम्ही दोघे याच,” असे ती म्हणाली. एव्हाना तिला एका शाळेत नोकरी लागली होती. आम्ही गेलो. अंगणात मांडव घातला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या. पेटी, ढोलकी, दोन-तीन टाळांचे जोड आणि एक खंजिरी. पुस्तके वाटली गेली. त्यांना शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कागदाची वेष्टणे होती. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला. मुलांनी पाने उलटली, म्हाताऱ्या बायांनी पुस्तक मांडीवर तसेच मिटलेले ठेवले आणि डोळे मिटून घेतले. ढोलकीवर भजनी ठेका सुरू झाला. हा ठेका आम्ही लहानपणापासून हरिनाम सप्ताहात ऐकत आलेलो. त्यामुळे पहिल्या क्षणी आपण कुठे बसलो आहोत याचाच विसर पडला. अभंगाची चाल, ध्रुपद घोळवण्याची रीत, अखेरीस लय वाढवत नेण्याची पद्धत, सारे ओळखीचे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले जात होते त्याचे नाव तेवढे वेगळे.

मुलीची आजी, म्हणजे गेलेल्या गृहस्थांची आई, ऐंशीच्या पुढची, पुढे बसून भजन सांगत होती. तिसऱ्या की चौथ्या कडव्यावर तिचा आवाज अडकला. तोंडाला पदर लावून ती खाली वाकली. आम्हांला वाटले आता गाणे थांबणार. थांबले नाही. तिच्या डाव्या हाताला बसलेल्या बाईने पुढची ओळ उचलली, सगळ्यांनी ती मागून म्हटली, आणि दोन ओळींनंतर आजीने डोळे पुसून पुन्हा सूर लावला. असे त्या तासाभरात तीनदा झाले. कुणी आजीकडे वळून पाहिले नाही, कुणी तिला पाणी दिले नाही, कुणी ‘असू द्या’ म्हटले नाही.

नंतर चहा घेताना आमच्यापैकी एकाने आजींना विचारले, “एवढे गाणे कसे झेपले?” त्या म्हणाल्या, “रडू आलं का सूर जातोच, दादा. सूर गेला का शेजारची धरती. मग आपण पुन्यांदा घ्यायचा. उद्या तिचा जाईल, तवा आपण धरायचा.”

३

परतीच्या वाटेवर आमचे भांडण झाले. मैत्रीत इतक्या वर्षांत असे झाले नव्हते.

जिचा भाऊ गेला होता ती म्हणाली, की मला ते सहन झाले नाही. बायका गात होत्या ते चांगलेच होते, पण गाण्यातला हिशेब मला मान्य नाही. संकट आले, त्यातून देव भेटला, म्हणून संकटाचेही आभार. या मांडणीत गेलेल्या माणसाचे स्थान काय? माझा भाऊ माझ्या आत्मिक उन्नतीसाठी गेला असे मला कुणी सुचवले तरी मी उठून जाईन. दुसरा म्हणाला, की त्या अंगणात असे कुणी सुचवत नव्हते. तू शब्द ऐकत होतीस, मी माणसे पाहत होतो. त्यावर ती म्हणाली, की कवितेची शिक्षिका शब्द ऐकणार नाही तर काय करील?

आक्षेप खरा होता, म्हणून तो टाळता आला नाही. पुढचे काही महिने आम्ही दोघांनी, आधी एकमेकांना चुकवत आणि मग एकत्र बसून, या प्रकारच्या गीतांविषयी मिळेल ते वाचले. दुःखातून श्रद्धेकडे जाणारे गीत हा ख्रिस्ती उपासनेतील फार मोठा प्रवाह आहे, आणि त्यातील प्रत्येक प्रसिद्ध गीतामागे एक कहाणी सांगितली जाते. अठराव्या शतकातील जॉन न्यूटनची कहाणी तर सर्वांनाच माहीत असते. गुलामांच्या व्यापारातला हा खलाशी १७४८ साली वादळात सापडला, जहाज बुडू लागले, त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, आणि पुढे त्याने ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिले. सभांमधून ती इतक्यावरच संपते. कालानुक्रम लावला की ती अशी संपत नाही. वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या जहाजांवर काम करीतच होता. पुढे तो अशा जहाजांचा कप्तानही झाला आणि १७५४ पर्यंत त्याच धंद्यात होता. ते गीत ऑल्नी या गावी १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी तयार झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ साली, वादळानंतर तब्बल चाळीस वर्षांनी. म्हणजे जिवावरच्या संकटाने त्याला देव दिला असेल. दुसऱ्याचे दुःख दिसायला मात्र आणखी तीन तपांहून अधिक काळ जावा लागला.

ऑल्नीतच न्यूटनचा शेजारी होता कवी विल्यम कूपर. इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी त्याला निराळ्या कारणांनी ओळखतात. १७७९ साली ‘ऑल्नी हिम्स’ हा संग्रह निघाला त्यात बहुसंख्य गीते न्यूटनची आहेत आणि साठाहून अधिक कूपरची. देवाच्या गूढ मार्गांवर विश्वास ठेवा, हे ढग आशीर्वाद होऊनच बरसतील, अशा आशयाचे त्याचे एक गीत आजही जगभर गायले जाते. ते त्याने १७७३ च्या सुमारास लिहिले, आणि त्याच काळात त्याला उन्मादाचा भयंकर झटका आला. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे अशी त्याची खात्री झाली. त्यानंतर तो पुन्हा उपासनेसाठी चर्चमध्ये गेला नाही. १८०० साली मृत्यू येईपर्यंत ती खात्री त्याला सोडून गेली नाही. १७९९ सालच्या त्याच्या अखेरच्या कवितेत समुद्रात पडलेला, जहाजाने मागे सोडलेला खलाशी आहे. एकाच पुस्तकात, एकाच वेष्टणात, तरलेल्या खलाशाची गीते आहेत आणि बुडालेल्याचीही. गाणाऱ्यांना त्यांतला भेद कळत नाही. कूपर घरात बसून राहिला आणि त्याचे गीत दर रविवारी दुसऱ्यांनी म्हटले.

हे वाचताना आम्हां दोघांनाही आजींचे वाक्य आठवले, पण त्या वेळी कुणीच बोलून दाखवले नाही.

४

यानंतर आम्ही टिळकांकडे वळलो, आणि इथे आमची टिपणे किती अपुरी होती ते ध्यानात आले.

पहिली गोष्ट रूपाची. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरला काम केले. आरंभीची मराठी ख्रिस्ती गीते प्रामुख्याने इंग्रजी छंदांवर आणि पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत कसे ओढाताण सोसतात हे ज्याने ऐकले आहे त्याला अधिक सांगायला नको. पुढे नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजले. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार झाले, आणि साकी, दिंडी, पद, ओवी या घरच्या रचना उपासनेत आल्या. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. त्यांनी शंभराहून अधिक भजने लिहिली. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. त्याच्या पायांशी बसतात, त्याच्यावर रुसतात. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. निकोल मॅक्निकोल यांनी त्यांच्या भजनांची इंग्रजी भाषांतरे केली, त्यांतले एक ब्रिटनमधील गीतसंग्रहांतही गेले. याच मॅक्निकोलांचे मराठी संतकवींच्या अभंगांच्या भाषांतराचे पुस्तक १९१९ साली, म्हणजे टिळकांच्या मृत्यूच्याच वर्षी निघाले. एका स्कॉटिश मिशनऱ्याला तुकोबा आणि टिळक एका रांगेत दिसले होते. आम्हांला शंभर वर्षांनंतर, एका अंगणात ढोलकी वाजल्यावर दिसले.

सेतूच्या या रूपकाने आमच्या भांडणाला वेगळे वळण दिले. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, हे देवा बरेच झाले, असे सांगणारा तुकोबांचा अभंग जिचा भाऊ गेला ती दर वर्षी शिकवते, आणि मनापासून शिकवते. त्या दुष्काळात तुकोबांचे घरचे माणूस अन्नावाचून गेले, हेही ती वर्गात सांगते. मग तुकोबांच्या तोंडी जो हिशेब तुला उदात्त वाटतो तोच त्या अंगणात असह्य का झाला, असे दुसऱ्याने विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुकोबांचा अभंग मी कधी कुणाच्या मयताला ऐकला नाही. वर्गातच वाचला. वर्गात कुणाचा भाऊ गेलेला नसतो.” आमच्या अठरा वर्षांच्या अध्यापनाविषयी याहून नेमके वाक्य आम्हांला सुचलेले नाही.

५

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी संकट आणि मग श्रद्धा, हा या गीतांचा ठरलेला क्रम. टिळकांच्या चरित्रात तो उलटा आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली, त्याने नव्या कराराची प्रत दिली, ती वाचता वाचता, विशेषतः डोंगरावरील प्रवचन वाचून, टिळक ओढले गेले. त्यांची श्रद्धा वाचनातून आली, आणि संकट त्यानंतर तिच्यापायी आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसाची सर्वांत मोठी किंमत ज्या व्यक्तीने मोजली तिला तो निर्णय विचारलेलाही नव्हता.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि नातेवाइकांच्या आश्रयाने राहणे. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, म्हणजे या घटनांना जवळजवळ चाळीस वर्षे झाल्यावर, तरी ती पाने वाचताना जखम ओली असल्याचे जाणवते, आणि त्याच पानावर हसूही येते. आम्ही ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्र म्हणून शिकवतो. विनोद, निवेदनशैली, स्त्रीचे आत्मभान असे मुद्दे काढतो. टिळकांच्या भजनांशेजारी ठेवून ते पुस्तक आम्ही कधी वाचलेच नव्हते. तसे वाचले की भजनांतल्या समर्पणाला एक दुसरी बाजू मिळते. कवी सर्वस्व सोडून गुरूच्या पायांशी जातो. त्या सर्वस्वात एक बाईही होती, आणि ती स्वतः काही सोडायला तयार नव्हती. टिळकांची थोरवी यामुळे कमी होते असे आम्हांला म्हणायचे नाही. मात्र ‘दुःखातून श्रद्धा’ म्हणताना ते दुःख कुणाचे आणि श्रद्धा कुणाची, हे विचारायला हवे. न्यूटनबाबतही हाच प्रश्न होता.

आणि लक्ष्मीबाईंची स्वतःची वाट पाहा. विरहाच्या तडाख्याने त्यांना देव दिसला असे ‘स्मृतिचित्रे’त नाही. त्या नवऱ्याकडे परतल्या त्या सोवळ्याओवळ्यासह, वेगळी चूल मांडून. मग हळूहळू, रोजच्या जगण्यात, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाचे नाही यावर विचार करता करता, माणसामाणसांतला हा भेद माणसांनीच केला आहे अशी त्यांची खात्री झाली. ती झाल्यावर उरलेली वाट फारशी लांब नव्हती. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात अनाथ मुले वाढली, प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णांची सेवा केली. श्रद्धा इथे पाण्याच्या घोटाएवढी साधी, आणि तितकीच अवघड होती.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ थोडेच लिहून झाले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. जिचे शालेय शिक्षण झाले नव्हते, जिला विचारल्यावाचून कवीने आपली वाट धरली होती, तिने त्याच्या महाकाव्याचा फार मोठा भाग स्वतः रचून ते शेवटास नेले. १९३६ साली त्या गेल्या. हा तपशील आमच्या टिपणांत एका ओळीत होता. आता तो वाचला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. शेजारचीने सूर धरला होता.

६

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण ती गाळली तर लेख खोटा ठरेल.

टिळक चित्पावन ब्राह्मण होते. त्यांची भजने आज ज्या अंगणांत जिवंत आहेत तिथली बहुतेक घरे एकोणिसाव्या शतकात गावकुसाबाहेरून आलेली आहेत. त्यांच्या पूर्वजांनी दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला, हे वाक्य आमच्या भागात आजही सहज उच्चारले जाते; शिक्षकांच्या खोलीतही उच्चारले जाते, आणि ते ऐकून आम्ही गप्प बसलेलो आहोत. आजींनी त्या दिवशी सांगितले, की त्यांच्या आजीला १९०० च्या दुष्काळात मिशनच्या आवारात आणून सोडले होते. सोडणारा बाप परत आला नाही. तिथे तिला भाकरी मिळाली, अक्षरे मिळाली, आणि भजने मिळाली. “आधी काय मिळालं ते तिनं कधी सांगितलं नाही,” असे त्या म्हणाल्या.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही दुष्काळ असाच ठाण मांडून आहे. १८७४ च्या सुमारास आई-वडील उपासमारीने गेले. भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुलींना आणले. संस्कृतच्या विदुषीला उपासमारीतून देव भेटला तर आपण त्याला आध्यात्मिक प्रवास म्हणतो. अनाम मुलीला भेटला तर पोटाचा प्रश्न म्हणतो. भूक दोघींची एकच होती. उपाशी माणसाच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा अधिकार पोट भरलेल्या समीक्षकाला कुठून मिळतो, हा प्रश्न आम्हांला आमच्या कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडला नाही.

७

मग आमच्या भांडणाचे काय झाले?

ते मिटले असे म्हणवत नाही. जिचा भाऊ गेला ती अजूनही मानते, की संकटाचे आभार मानणारी ओळ तिला म्हणता येणार नाही. तिला आधार मिळाला तो बायबलमधील स्तोत्रसंहितेतून. आपल्या त्या विद्यार्थिनीनेच एक जुनी प्रत आणून दिली. स्तुतीच्या गीतांचा ग्रंथ म्हणून उघडावा तर त्यात विलापाची स्तोत्रे पानोपानी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारावरच संपते. शेवटी प्रकाश नाही, सांत्वन नाही, आभार नाहीत. तरी ते उपासनेच्या ग्रंथात आहे, आणि हजारो वर्षे म्हटले जात आहे. तिचे म्हणणे असे, की ज्या ग्रंथात हे स्तोत्र गाळलेले नाही त्या ग्रंथातल्या आभाराच्या गीतांवर मी विश्वास ठेवायला तयार आहे. एवढ्यापुरते.

दुसऱ्याने एक चूक मान्य केली. शब्द बाजूला ठेवून केवळ माणसे पाहणे हेही अपुरे होते, कारण त्या माणसांना एकत्र बांधून ठेवणारे शब्दच होते. पण उपासनागीत हे भावकवितेसारखे वाचायचे नसते, हे आता आम्ही दोघेही मानतो. भावकवितेतला ‘मी’ एकट्याचा असतो. त्याने लिहिले ते त्याला त्या क्षणी वाटलेच पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. भजनातला ‘मी’ पन्नास जण एकदम म्हणतात. त्या पन्नासांतल्या प्रत्येकाला प्रत्येक ओळ त्याच क्षणी पटलेली असावी अशी सक्ती तिथे नाही. आज जिला पटत नाही ती ओळ तिच्या वतीने दुसरी कुणी म्हणते. कूपरची ओळ ऑल्नीच्या लोकांनी म्हटली, टिळकांची ओळ लक्ष्मीबाईंनी पुरी केली, आजींची ओळ डावीकडच्या बाईने उचलली. भजनाची रचनाच अशी आहे: ध्रुपद पुनःपुन्हा येते ते चुकलेल्याला परत येता यावे म्हणून, आणि कडवे एकाने सांगून सर्वांनी म्हणायचे ते सांगणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून. छंदशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही मात्रा मोजायला शिकलो होतो. हे तिथे नव्हते.

गेल्या दोन वर्षांपासून टिळकांसाठी आम्ही पाच तासिका ठेवतो. अभ्यासक्रमात तशी तरतूद नाही. इतर कवींच्या वाट्यातून थोड्या थोड्या काढून घेतो. एका तासाला ‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतराच्या वेळची पाने, एका तासाला ‘अभंगांजली’, आणि शेवटच्या तासाला वर्गातली मुले पेटी घेऊन भजन म्हणतात. ख्रिस्ती मुले सांगतात, बाकीची मागून म्हणतात. ठेका सर्वांनाच येतो. पहिल्या वर्षी एका पालकाने प्राचार्यांकडे नाराजी कळवली. आम्ही अभ्यासक्रमाची प्रत दाखवली. टिळकांचे नाव त्यात होते.

मागच्या सत्रात तो तास जिचा भाऊ गेला तिच्याकडे होता. मुले म्हणत होती, ती टेबलापाशी उभी राहून ऐकत होती. मधल्या एका कडव्यावर भजन सांगणारा मुलगा शब्द विसरला आणि थांबला. पुस्तक तिच्यासमोर उघडे होते. क्षणभर वर्गात शांतता होती. मग तिने ती ओळ म्हटली, सुरात नव्हे, नुसती वाचली. आणि मुलाने ती उचलून पुढे नेली.

विभागात परत आल्यावर ती म्हणाली, की मला ती ओळ अजूनही पटलेली नाही. दुसरा म्हणाला, ठीक आहे. मग आम्ही चहा मागवला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिने भावाविषयी सांगायला सुरुवात केली.